सातव्या ठरावास हरकत

आमच्या समाजाचं नाव मी सांगत नाही. तुमच्या समाजाचं घालून वाचलंत तरी फारसं बिघडणार नाही. कुरखेड्याच्या आसपासच्या बावीस गावांतली आम्ही धान पिकवणारी माणसं, आणि आम्हाला एकाच गोष्टीचा अभिमान: आम्ही सुधारलेले आहोत. कधीपासून विचाराल तर तारीख काढून देतो. सन १९२६, फेब्रुवारीची सात, रविवार. त्या दिवशी माझे आजोबा गुलाबजी यांनी मोहाच्या झाडाखाली सभा भरवली, सुधारक मंडळ काढलं आणि अकरा ठराव केले. तेव्हापासून आमच्यात दारू नाही, म्हणजे कागदावर नाही. देवापुढे बोकड नाही, तो आता घरामागे कापतात. आणि पाट नाही. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न.

हे ठराव दरवर्षी सभेत म्हटले जातात. रीत अशी की गुलाबजींच्या घरातला माणूस एकेक ओळ वाचतो आणि सगळी सभा उभी राहून ती ओळ त्याच्या मागून म्हणते, शाळेतल्या पाढ्यांसारखी. पहिल्या सभेत वाचता येणारे चार-पाच, बाकी सगळे अंगठेबहाद्दर. सह्या कोण करणार? म्हणून आजोबांनी नियमच घातला: जे सभेनं तोंडानं म्हटलं, ते सभेला मान्य. पुढे पोरं शिकली, कोणी डॉक्टर झाला, कोणी नायब तहसीलदार, पण रीत तीच राहिली. आधी आजोबा वाचत, मग वडील, आणि गेली एकोणतीस वर्षं मी. मी लटारू, पंचायत समितीतला रिटायर बाबू. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचण्यात गेली, त्यामुळे आवाज खणखणीत आहे. वाचताना काय वाचतोय याच्याकडे लक्ष द्यायची सवय मात्र त्या नोकरीतच सुटली.

घरात आम्ही चौघं. बायको आठ वर्षांपूर्वी गेली. मुलगा निकेश मेंदूच्या मलेरियानं गेला, चार दिवसांच्या तापात. आता मी, सून नूतन, सहा वर्षांची नात रीना, आणि माझी मोठी बहीण सोमारीबाई. बाई एकविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आज बहात्तरची आहे. तिच्याबद्दल आणखी काय सांगायचं? चूल तिची, गोठा तिचा, घर तिच्यावर चालतं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी नूतन ड्युटीवरून आली. ती उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे, स्कुटीवर पाच गावं फिरते. रोज आली की आधी हातपाय धुते. त्या दिवशी बॅग खांद्यावर तशीच ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, मी दिनेशसंगं लगन करून राह्यली," ती म्हणाली. "नोटीस लागली आहे. महिना भरला का सह्या करतो."

दिनेश आमच्याच समाजातला, लाईनमन. तिच्या पाच गावांतल्या तारा त्याच्याकडे आणि माणसं हिच्याकडे, एवढ्यावरून ओळख झालेली. पोरगा वाईट आहे असं मी खोटंसुद्धा म्हणू शकत नव्हतो, म्हणून आणखी चिडलो. माझं आधी तोंड चालतं, मग डोकं.

"निकेशले जाऊन तीन वर्ष नाई झाले, नूतन!"

"तीन वर्ष चार महिने झाले, बाबा. मी मोजले आहे."

"न् समाज?"

"समाजाले मी विचारून नाई राह्यली. तुमाले सांगून राह्यली."

मग तिनं बॅग खाली ठेवली आणि जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की त्यातून पळवाट काढायला माझी चौतीस वर्षांची बाबूगिरीही कामी आली नाही. लग्न होणारच. मी उघडपणे हो म्हटलं तर ती या घरातून लेक जाते तशी जाईल, आणि रीना सुट्टीत, सणाला, मनात आलं की इथे येईल. मी समाजाच्या बाजूनं बसलो तर ती पोरीला घेऊन जाईल आणि पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.

"धमकी देऊन राह्यली का मले?"

"नाई, बाबा. आधी सांगून राह्यली. मंग तुमी म्हनाल, सांगतलं नाई म्हनून."

राग तर आलाच, पण रागाच्या खाली भीती होती, हे लपवत नाही. निकेश हसताना डावा डोळा बारीक करायचा. रीना तस्साच करते. ती या घरातून गेली की निकेश माझ्यासाठी दुसऱ्यांदा जाणार. आणि दुसरीकडे समाज. बहिष्कार हा शब्द आता कोणी काढत नाही, कायदा झाला आहे. आता म्हणतात, "ज्याची त्याची इच्छा." फक्त अशा घरी मयत झाली की खांदा द्यायची इच्छा कोणाची होत नाही. धानोऱ्याकडच्या एका घराचं तसं झालेलं मी पाहिलंय. चौथा माणूस ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता, परजातीचा.

दोन दिवसांत सुनिल आला. सुनिल मंडळाचा अध्यक्ष, राइस मिलचा मालक, बोलायला एकदम गोड. यंदा मंडळाला शंभर वर्षं भरली, त्याची शताब्दी सभा फेब्रुवारीत होती आणि तिचा मांडव, जेवण, पाहुणे सगळं त्याच्या डोक्यावर. त्यानं चहा घेतला, रीनाच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि मग मुद्द्यावर आला.

"काका, आमदार साहेब येऊन राह्यले. तुमी ठराव वाचान, न् तिकडे तुमच्याच सुनेची नोटीस लागली म्हनून लोकं तोंडावर रुमाल धरून हासतीन. गुलाबजीच्या घरानंच गुलाबजीचा ठराव मोडला म्हनतीन."

"मंग मी काय करू?"

"काईच नोका करू. सातवा ठराव दरवर्षीसारखा वाचा, जरा जोरात वाचा. लोकाईले समजून जाईन का पोरीनं केलं ते पोरीचं, लटारूकाका समाजासंगं आहेत. तुमच्यावर कोनी बोट नाई दाखवनार, माही गॅरंटी."

तो गेल्यावर नूतन दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"वाचा तुमी," ती म्हणाली. "मले समजून जाईन."

तेव्हापासून सभेपर्यंत सोळा दिवस होते, आणि त्या सोळा दिवसांत मी एका जागी धड बसलो नाही. जेवता जेवता उठायचो. सायकल काढायचो, चौकापर्यंत जायचो आणि कशाला आलो ते आठवत नाही म्हणून परत यायचो. एक दिवस वकिलाला विचारावं म्हणून एसटीनं गडचिरोलीला गेलो. स्टँडवर उतरलो, एक चहा घेतला आणि त्याच गाडीनं परतलो. कंडक्टर माझ्याकडे बघत होता. घरात या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. खुर्ची मागे ओढ, पुढे ओढ.

"पायाले भिंगरी लागली का रे तुह्या?" सोमारीबाई चुलीपासून म्हणाली. "बस ना एका जाग्यावर. मले चक्कर येऊन राह्यली तुले पाहून."

"तुले काय लागते बोलाले?" मी तिच्यावरच खेकसलो. "तुह्या डोक्यावर आहे का हे सगळं?"

ती गप्प झाली. ती नेहमीच गप्प होते, त्यामुळे माझं काही अडलं नाही.

मी नूतनशी बोलत नव्हतो, नूतन माझ्याशी बोलत नव्हती, आणि मधल्यामध्ये रीना निरोप पोचवत होती: "आई म्हनते गोळी घ्या," "आबाजी म्हनते घेतली." कधी वाटायचं, वाचून टाकावं, दोन ओळी तर आहेत. पत्रकावर त्या अशा छापल्या आहेत: आपल्या समाजात पूर्वापार पाट नाही. आम्ही पाट लावणार नाही. एकोणतीस वेळा वाचल्या, तिसाव्यांदा वाचायला काय होतं? आणि लगेच रीनाचा तो बारीक केलेला डोळा समोर यायचा.

सभेला आठ दिवस राहिले असताना सुनिलचा फोन आला की स्मरणिकेत छापायला मूळ वहीच्या पहिल्या पानाचा फोटो हवा. ती वही आमच्या घरात आहे. पत्र्याच्या पेटीत, लाल फडक्यात गुंडाळलेली. दसऱ्याला आम्ही तिला हळदकुंकू वाहतो आणि पुन्हा बांधून ठेवतो. ती उघडून वाचावी असं वडिलांना कधी वाटलं नाही, मलाही नाही. ज्याची पूजा करायची ते वाचायचं कशाला? छापील पत्रक होतंच.

पहिल्या पानाचा फोटो काढला आणि चाळा म्हणून पुढचं पान उलटलं. अक्षर कोणा मास्तराचं असावं, गोल आणि शांत. सुरुवातीलाच होतं: वरिष्ठ ज्ञातींचे लोक आपणांस पाटाची प्रजा म्हणून हिणवितात, सबब सुधारणा करणे अवश्य. मी तिथेच थबकलो. मग भराभर सातव्या ठरावावर आलो.

पूर्वापार वगैरे शब्द तिथे नव्हतेच. तिथे लिहिलं होतं: आपले ज्ञातीत पाट लावण्याची जी चाल आहे, ती आजपासून बंद.

जी चाल आहे. म्हणजे सहा फेब्रुवारीपर्यंत आमच्यात विधवा राजरोस लग्न करत होत्या! आणि त्याखाली, त्याच शांत अक्षरात, आणखी सात-आठ ओळी होत्या. त्या मी उभ्यानं वाचल्या, मग बसून वाचल्या, मग वही पिशवीत टाकली आणि सायकल काढून थेट संघपालच्या घरी गेलो.

संघपाल माझा जुना दोस्त, बौद्ध, रिटायर मास्तर. त्याच्यासमोर मी समाजाबद्दल काहीही बोलू शकतो, कारण तो माझ्या समाजातला नाही. त्यानं चष्मा पुसला आणि अंगणातल्या खाटेवर बसून ते पान दोनदा वाचलं.

"मोठं जबर आहे लटारू हे," तो म्हणाला. "त्या काळात मोठ्या शहरातले सुधारक कोनतं काम करून राह्यले होते? विधवेचे लगनं लावून राह्यले होते. शिव्या खाऊन, दगडं खाऊन. न् तुह्या आजानं सुधारना म्हनून काय केलं? होत होते ते बंद केले!"

"तो वाईट मानूस नाई होता रे," मी म्हणालो. आजोबांवर कोणी बोललेलं मला चालत नाही, स्वतः मी कितीही बोललो तरी. "त्याले लोक हिनवत होते. तोंडावर म्हनत होते. मोठ्या लोकायच्या घरात विधवेचं लगन होत नाई, तं आपलंही बंद केलं का आपन मोठे झालो, असं वाटलं असंन त्याले."

"वाटलं असंन ना. पन मोठं होऊन कोन राह्यलं न् त्याचा भार कोनं उचलला?" संघपालनं वही माझ्या हातात दिली. "आमच्या आजोबानं छप्पन साली जुनं होतं ते एका दिवसात टाकून देलं. तुमी लोकं अजब. दुसऱ्याचं जुनं घरात आनता, न् त्याले आपलं पूर्वापार म्हनता."

"आता मी काय करू ते सांग."

"मी कायले सांगू? वाचता तं तुलेच येते."

मी चिडून सायकल काढली. संघपालचं हे नेहमीचं आहे, वाट दाखवायची नाही आणि वर हसायचं.

ती वही मी नूतनला दाखवली नाही. दाखवली असती तर तिनं विचारलं असतं, मग आता काय करणार? आणि ते मला माहीत नव्हतं. सभेच्या सकाळीसुद्धा नव्हतं. सकाळी चार वेळा धोतर सोडून नेसलं.

सभा मंडळाच्या मैदानावर. झाडीपट्टीच्या नाटकाला असतो तसा मोठा मांडव, तोच माईकवाला, सातशे-आठशे माणूस. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मंडळानं आरोग्य तपासणीचा टेबल ठेवला होता आणि त्यावर ड्युटी नेमकी नूतनची. पांढऱ्या कोटात ती म्हाताऱ्यांचे बीपी तपासत होती. रीना सोमारीबाईच्या मांडीवर बायकांच्या पहिल्या ओळीत. स्टेजवर आजोबांचा मोठा फोटो, आणि फोटोपुढे पाटावर हार घालून ठेवलेली मूळ वही. आमदारांना यायला उशीर होता, म्हणून सुनिलनं ठराव आधी उरकायचं ठरवलं.

"सगळ्यांनी उभे व्हा," माईकवर आवाज आला. खुर्च्या करकरल्या.

मी पत्रक हातात घेतलं. पहिला ठराव, सभेनं म्हटला. दुसरा, म्हटला. तिसरा: आम्ही आपल्या मुलांना शाळेत घालू. सातशे तोंडं एका सुरात. सहावाही म्हटला. सातव्यावर नजर गेली. आपल्या समाजात पूर्वापार. मी मान वर केली. टेबलामागे नूतन उभी होती. बीपीचा पट्टा एका म्हाताऱ्याच्या दंडावर तसाच, आणि ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ऑफिसात लोक आपला कागद मंजूर झाला की नाही हे माझ्या तोंडावरून ओळखायला बघायचे, तसं.

मला ते सहन झालं नाही. मी पत्रक खिशात घातलं, दोन पावलं मागे गेलो, हार बाजूला केला आणि वही उचलली. सुनिलला वाटलं, शताब्दी म्हणून मूळ वहीतून वाचतोय. त्यानं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"ठराव सातवा," मी वाचलं.

"ठराव सातवा," सभा म्हणाली.

"आपले ज्ञातीत पाट लावण्याची जी चाल आहे..."

"आपले ज्ञातीत पाट लावण्याची जी चाल आहे..."

"ती आजपासून बंद."

"ती आजपासून बंद."

इथे थांबायचं होतं. मी थांबलो नाही.

"या ठरावास हरकत," मी वाचलं, आणि शंभर वर्षांच्या सवयीनं सातशे माणसं म्हणाली, "या ठरावास हरकत."

"ठमाबाई उभी राहून बोलली ते असे."

"ठमाबाई उभी राहून बोलली ते असे."

"मी पाटाची बाई."

"मी पाटाची बाई," आमचे डॉक्टर म्हणाले, नायब तहसीलदार म्हणाले, सुनिल म्हणाला. म्हणून झाल्यावर सुनिलनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"पहिला नवरा पटकीनं मेला तेव्हा मी अठरा वर्षांची."

पुरुषांच्या बाजूचा आवाज थोडा विस्कटला. काही म्हणाले, काही नुसते ओठ हलवत राहिले. बायकांचा आवाज तसाच होता.

"पाट लागला म्हणून मला घर झालं, लेकरं झाली."

आता पुरुषांत कुजबूज सुरू झाली होती. मला वही नीट दिसत नव्हती, डोळ्यात पाणी आलं होतं, पण ओळी पाठ झाल्या होत्या.

"ज्या पाटानं तू झालास, तो नीच कसा रे, गुलाब?"

ही ओळ फक्त बायकांनी म्हटली. तीन-साडेतीनशे बायका, उभ्या, हात जोडलेल्या, फोटोतल्या माझ्या आजोबांकडे तोंड करून: ज्या पाटानं तू झालास, तो नीच कसा रे, गुलाब? 

शेवटची ओळ मास्तरानं आपल्याकडून लिहिलेली होती. तीही वाचली. "बाई ठराव मांडणाऱ्याची आई असल्यामुळे हरकत घरची समजून सोडून दिली."

ती कोणी म्हटली नाही.

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. सुनिलनं माईक हिसकला. "काका, हा धोका देला तुमी! लोकाईले माहीत नव्हतं काय म्हनून राह्यले ते!"

"शंभर वर्षं कुठी माहीत होतं?" मी ओरडलो. माईक नव्हता, पण आवाज माझा आहेच. "सभेनं तोंडानं म्हटलं ते सभेले मान्य. नियम मह्या आजाचा आहे. आतापर्यंत चालला, आता काऊन नाई चालत? न् ऐका! मह्या सुनेचं लगन आहे, मह्या घरून. ज्याले यायचं असंन त्यानं या, नाई यायचं त्यानं घरी जेवा!"

काही जण उठून गेले. काही जण शिव्या देऊन गेले. दोन म्हाताऱ्यांनी स्टेजवर येऊन माझे हात धरले आणि उतरून गेल्या. डॉक्टर म्हणाले, विषय कार्यकारिणीपुढे ठेवू. याचा अर्थ आमच्याकडे काहीच होत नाही, पण कोणी मेलं तर ते खांद्याला येतील एवढा होतो. आमदार आले तेव्हा निम्मा मांडव रिकामा होता.

दुपारी आम्ही घरी आलो. नूतननं हात धुतले, पदर घेतला आणि माझ्या पाया पडली. आम्ही दोघंही रडलो; सोळा दिवस साचलेलं होतं. मग ती दिनेशला फोन करायला अंगणात गेली आणि रीना तिच्या मागे. मला मात्र बसवेना. अंगात जणू वीज खेळत होती. मी पडवीत फेऱ्या घालत होतो आणि स्वतःशीच बोलत होतो: सुनिलचं तोंड कसं झालं, डॉक्टर कसे म्हणाले 'मी पाटाची बाई'. मी एकटाच हसत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की मी काहीतरी केलं.

सोमारीबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. 

"लटारू," ती म्हणाली, "ठमाबाई काय म्हनली ते वाच ना एक डाव."

मी खूश होऊन वाचलं. सगळं, पहिल्यापासून, अगदी आवाज चढवून. ती हात थांबवून ऐकत होती.

"हे कधीचं आहे?"

"शंभर वर्षाचं, बाई."

"न् हे कुठी होतं इतके दिवस?"

"इथीच. मह्या पेटीत. त्याच्याआधी बाबाच्या."

"इथीच होतं," ती म्हणाली. मग सुपातला एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. "आरमोरीवरून एक जन आलता मले पाहाले. दोनदा आलता. बायको मेली होती त्याची. बाबानं सांगतलं, आमच्यात पूर्वीपासून चाल नाई. तू चहा देला होता त्याले."

मला आठवेना. आठवेना म्हणून मी आठवू लागलो, आणि मग आठवलं. पांढरी टोपी, सायकलच्या हँडलला टांगलेली पिशवी, पिशवीत बाईसाठी आणलेलं लुगडं. मी मॅट्रिक पास झालो होतो त्या वर्षी. घरातला पहिला मॅट्रिक. बाबांनी मला दसऱ्याला ती वही पुजायला दिली होती.

"बाई, मले माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"हो ना," सोमारीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मले तं वाचता येत नव्हतं, लटारू. तुले येत होतं."

आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी वही हातात घेऊन तिच्यासमोर खाली बसलो. सोळा दिवसांत पहिल्यांदा धड बसलो, आणि मग मला उठता येईना.